दहापर्यंत

परळच्या हॉलमध्ये तीन दिवस ट्रेनिंग होतं.
पहिल्या दिवशी फळ्यावर निळ्या पेनाने लिहिलं : नेतृत्व.
केणी मॅडम म्हणाल्या, तुमच्यात लीडर कोण, उभं राहा.
कुणीच उठलं नाही.
मेट्रन रजेवर होत्या, म्हणून तर आम्ही आलो होतो.
मागच्या रांगेत यमुनामावशी धोत्रे
वड्याच्या कागदाची घडी घालत होती,
चौकोनी, मग आणखी चौकोनी,
गॉजची घालते तशी.

दुसऱ्या दिवशी नाटक.
वॉर्डबॉय इक्बाल मुकादम झाला डॉक्टर,
मी पेशंट : पोटाचा कॅन्सर, औषधं थकलेली.
इक्बालने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला, हसू दाबलं,
पण माझ्याकडे बघितलं आणि दाबायला हसूच उरलं नाही.
"आता इलाजाचा उपयोग नाही," तो म्हणाला,
आणि लगेच, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल."
मॅडमनी हात वर केला.
हे दुसरं वाक्य कुणासाठी होतं?
इक्बाल बूट बघत राहिला.
"माझ्यासाठी," म्हणाला.

मग नियम शिकवला.
कडू बोलून झालं की मनात दहापर्यंत मोजायचं,
तोंड मिटून,
पाण्याचा ग्लास पुढे न सरकवता,
उशी नीट न करता.

आम्ही मोजलं.
पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं.
खाली कुणी टेम्पो रिव्हर्स घेत होतं, येऊ दे, येऊ दे.
बावीस वर्षांची नोकरी माझी,
सहाच्या पुढे जाता आलं नाही.
सहावर म्हटलं, चहा घेणार?
हॉल हसला. मावशी हसली नाही.

तुम्ही काय करता हो, अशा वेळी? मॅडमनी तिला विचारलं.
"काय करनार. बसते.
कापूस भिजवून ओठाला लावते.
किती दिवस, असं इचारलं तर सांगते,
ते मला ठावं नाय, पन मी हाय सातपर्यंत.
सातला माझी ड्युटी सुटते."
मॅडमनी पेनाला टोपण लावलं.
त्या दिवशी फळ्यावर आणखी काही लिहिलं गेलं नाही.

सर्टिफिकेटवर माझं नाव चुकलंय.
फिलोमिनाची फिलोमिला झाली आहे.
दुरुस्तीला पाठवायचं राहिलं,
कारण मंगळवारपासून नाइट लागली.

अकरा नंबर, जनार्दन पेवेकर.
डोंगरीत शिलाई मशीन दुरुस्त करायचे.
दोन कुलुपं उघडून मॉर्फिन काढलं,
रजिस्टरात मिलिग्रॅम लिहिले, दुसरी सही घेतली.
पायथ्याशी नवा निवासी डॉक्टर, पोरगाच,
उभ्याउभ्या फाइल चाळत होता.
मी स्टूल पायाने ओढलं.
"डॉक्टर, बसा."
माझा आवाज मलाच अनोळखी वाटला,
पण तो बसला.

दोन वाक्यं सांगितली त्याने, बरी सांगितली.
तिसऱ्यासाठी तोंड उघडलं तेव्हा
मी त्याच्या बाहीवर हात ठेवला.
एक.
मॉनिटर नव्हता, तो काल काढला होता.
दोन, तीन.
पेवेकरांच्या नखांत अजून काळं तेल होतं,
स्पंजिंगला न निघालेलं.
चार. पाच.
सहा.
जीभ चहापर्यंत आली, परत गेली.
सात, आणि ते बोलले.

"भाच्याला बोलवा.
एका पारशीण बाईचं मशीन दुरुस्त होऊन पडलंय,
फळीखाली, चादरीत.
पैसे मी आधीच घेतलेत.
त्याला वाटेल, घ्यायचे आहेत."

डॉक्टरने खिशातून पेन काढलं.
फाइलमध्ये असलं लिहायला रकाना नसतो,
त्याने तळहातावर लिहिलं :
पारशीण, फळीखाली, पैसे मिळाले.

भाचा पहाटे आला, हेल्मेट हातातच.
मावशी तोवर कापूस भिजवत होती,
ओठ, मग कोपरे, मग पुन्हा ओठ.
सातला तिची ड्युटी सुटली.
साडेसातला मी चार्ज देऊन वळले तेव्हा
ती तिथेच होती.